पोस्ट टाकल्यावर पोलीस ठाण्यात काय होतं

ऑनलाइन बोलण्याच्या स्वातंत्र्यावर वाद सुरू झाला की तो दोन मिनिटांत एकाच जागी येऊन अडकतो. एक जण म्हणतो घटनेने स्वातंत्र्य दिलंय, दुसरा म्हणतो हो पण त्याला मर्यादा आहेत, मग कलम 19(1)(अ) आणि 19(2) यांची फेकाफेक होते आणि शेवटी कोणीतरी ग्रुप सोडून जातो. घटनेत दोन्ही गोष्टी लिहिल्यात, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मी जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करते आणि माझं म्हणणं असंय की तुमचं स्वातंत्र्य राहिलं की गेलं हे या वादात ठरतच नाही, ते ठरतं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, जिथे कोणीतरी स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन येतो आणि म्हणतो, साहेब, माझ्या भावना दुखावल्या, गुन्हा दाखल करा.

पालघर आठवत असेल सगळ्यांना. 17 नोव्हेंबर 2012 ला बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा होती, मुंबई बंद होती. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी, माणसं रोज जन्मतात आणि जातात. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. तेवढ्यावरून जमाव जमला, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि पोलिसांनी अटक केली ती या दोघींना. आधी दंड संहितेचं 295अ लावलं, म्हणजे धार्मिक भावना दुखावणं, आता त्या पोस्टमध्ये धर्म कुठे होता ते मला आजही कळलेलं नाही. मग ते बदलून 505(2), म्हणजे गटागटांत द्वेष पसरवणं, आणि आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ लावलं. कोर्टाने जामीन दिला, देशभर बोंबाबोंब झाली, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले आणि पुढे केस बंद झाली. लोकांना वाटलं न्याय झाला. पण कोणी लक्ष दिलं नाही तर काय होतं हे मला रोज कोर्टात दिसतं, तिथे कोणी निलंबित होत नाही आणि केसही आपोआप बंद होत नाही.

हे 66अ आलं कुठून? आयटी कायदा 2000 सालचा, त्यात हे कलम नव्हतं. डिसेंबर 2008 मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला महिना व्हायच्या आत, संसदेत गोंधळ चालू असताना दुरुस्ती जवळजवळ चर्चेविना मंजूर झाली आणि ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली. कलम वाचलं तर अंगावर काटा येतो. अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, खोटी माहिती पाठवून कोणाला त्रास दिला, गैरसोय केली, अपमान केला तरी तीच शिक्षा. गैरसोय! म्हणजे धमकी आणि गैरसोय एकाच वाक्यात, एकाच शिक्षेला पात्र. पालघरच्याच वर्षी, 2012 च्या एप्रिलमध्ये, कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांनी ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने फॉरवर्ड केलं म्हणून त्यांना अटक झाली, आणि त्यातून त्यांची पूर्ण सुटका व्हायला जानेवारी 2023 उजाडलं. जवळपास अकरा वर्षं एका फॉरवर्डसाठी. एक सरकार एका पक्षाचं, दुसरं दुसऱ्याच पक्षाचं, तेव्हा कृपा करून हा विषय कोणी आपल्या आवडत्या पक्षाच्या चष्म्यातून बघू नका.

पालघरनंतर श्रेया सिंघल नावाची दिल्लीची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि 24 मार्च 2015 ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरीमन यांनी 66अ पूर्णच्या पूर्ण रद्द केलं. सरकारी वकील म्हणाले की आम्ही हे कलम जपून वापरू, आमचा शब्द घ्या. कोर्टाने सांगितलं की सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र कायम राहतं, त्यामुळे आजच्या सरकारच्या शब्दावर उद्याच्या माणसाला सोडता येत नाही. या निकालात एक फरक फार स्वच्छ सांगितलाय, तो प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. एखाद्या विषयावर चर्चा करणं वेगळं, त्याची बाजू हिरीरीने मांडणं वेगळं आणि लोकांना हिंसेला चिथावणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कितीही कडू वाटल्या तरी त्यांना हात लावता येत नाही, कायदा तिसऱ्या गोष्टीपासून सुरू होतो.

इथे बहुतेक भाषणं संपतात, कारण इथे विजय आहे. पण कलम रद्द झाल्यावर काय झालं ते ऐका. पोलीस ते लावत राहिले. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की निकालाच्या प्रती सगळ्या हायकोर्टांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवा. तरी 2021 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने कोर्टाला दाखवलं की अकरा राज्यांच्या जिल्हा कोर्टांत 66अ च्या 745 केसेस अजून चालूच आहेत. अस्तित्वात नसलेल्या कलमाखाली! नरीमन साहेब स्वतः त्या बेंचवर होते आणि ते हादरून गेले. ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी कारण काय सांगितलं, तर कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं आणि ते रद्द झाल्याचं खाली तळटीपेत बारीक अक्षरात असतं. हवालदार रात्री दोन वाजता तळटीप वाचत नाही हो. मग केंद्रीय गृह खात्याने राज्यांना पत्र पाठवलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये, सरन्यायाधीश होते आपले उदय लळीत, पुन्हा एकदा आदेश निघाला की या कलमाखाली कोणावरही खटला चालणार नाही आणि जिथे जिथे नाव आहे तिथून ते काढा. रद्द करायला एक दिवस लागला आणि ते ठाण्यापर्यंत पोचवायला सात वर्षं.

आणि 66अ गेल्याने फार फरक पडला असंही नाही, कारण तेच काम दुसरी कलमं करतात. 153अ, म्हणजे दोन समाजांत वैर वाढवणं, आता भारतीय न्याय संहितेत ते 196 झालंय, 505 चं 353 झालंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगल्याची केस घ्या. एका कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकांनी ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲपवर टाकलं की 5 ऑगस्ट हा जम्मू काश्मीरसाठी काळा दिवस आहे आणि 370 काढल्याने आम्ही खूश नाही. शिवाय 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात 153अ खाली गुन्हा. मुंबई हायकोर्टाने एप्रिल 2023 मध्ये तो रद्द करायला नकार दिला. शेवटी 7 मार्च 2024 ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द केला आणि सांगितलं की सरकारच्या निर्णयावर नाराजी दाखवणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि शेजारी देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा दिल्या तर त्यात गुन्हा नाही. तुम्हाला तो स्टेटस आवडला नसेल, इथे बसलेल्या अनेकांना आवडला नसेल हे मला माहितीये. पण प्रश्न आवडीचा नाहीच, प्रश्न हा आहे की त्या माणसाला हातकणंगल्याहून दिल्लीपर्यंत का जावं लागलं.

त्या निकालात नागपूरचा एक धागा आहे. स्वातंत्र्याच्या आधी नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली होती, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल यावरून मोजायचा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो अशा माणसावरून नाही. ऐंशी वर्षं होत आली त्या वाक्याला आणि ते आजही निकालात उतरवावं लागतं. ओक साहेब ठाण्याच्या जिल्हा कोर्टातून वर गेलेले, त्यांना खालची परिस्थिती पक्की ठाऊक, म्हणूनच त्याच निकालात त्यांनी लिहिलं की पोलिसांना आता 19(1)(अ) शिकवायची वेळ आली आहे. मार्च 2025 मध्ये कवी आणि काँग्रेसचे नेते इम्रान प्रतापगढी यांच्या केसमध्ये त्यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(3) मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, तर बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत ही चौकशी आधी करणंच योग्य, असं त्यांनी सांगितलं. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतलं सर्वसामान्य माणसाच्या सगळ्यात उपयोगाचं वाक्य हेच आहे.

का, ते सांगते. गुन्हा दाखल झाला की पहिल्यांदा मोबाईल जातो. पंचनामा होतो, फोन मुद्देमाल म्हणून जप्त होतो, फॉरेन्सिकला जातो आणि तिथून कधी येईल हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. त्या फोनमध्ये बँक असते, कामाचे कॉन्टॅक्ट असतात, मुलांचे फोटो असतात. मग जामीन, जामीनदार शोधायचा, मग दर महिन्याची तारीख, प्रत्येक तारखेला अर्धा दिवस बुडतो. नोकरीच्या, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला अडचण ती वेगळीच. आणि मग चार वर्षांनी निर्दोष. शिक्षा झाली नाही म्हणतात, पण जे भोगलं ते काय होतं मग? त्या घरातलं कोणीही नंतर कुठल्याही विषयावर एक ओळ लिहीत नाही, आणि शेजारच्या दहा घरांतलंही लिहीत नाही.

आता कोणी म्हणेल, ताई, मग अफवांचं काय? बरोबर आहे, तो प्रश्न टाळता येणार नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय हा मेसेज कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होता. लोकांनी त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मी हे विसरू शकत नाही आणि कोणीच विसरू नये, शब्दांनी माणसं मरतात. पण त्यावर कुठला उपाय चालला ते बघा. खून करणाऱ्यांना शिक्षा द्यायला आणि चिथावणी देणाऱ्याला पकडायला कायदा आधीपासून होता. नवीन काय झालं, तर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. त्यासाठी मेसेजमध्ये काय लिहिलंय हे कोणी वाचलं नाही, कोणाला अटक करावी लागली नाही, नुसता वेग कमी केला. टेक्नॉलॉजीतून आलेल्या त्रासावर काही वेळा टेक्नॉलॉजीतलाच उपाय कमी नुकसान करणारा असतो, त्यासाठी ठाण्याला मजकुराचा परीक्षक बनवावं लागत नाही. आणि बायकांना येणाऱ्या घाण मेसेजचं म्हणाल तर पाठलाग, अश्लील मजकूर, खासगी फोटो पसरवणं यांना स्वतंत्र कलमं आहेत, ती 66अ सोबत गेली नाहीत. अशा तक्रारी मी स्वतः दाखल करून दिल्यात आणि त्या नोंदवून घ्यायला जास्त वेळ लागतो, पुढाऱ्यावरच्या पोस्टची तक्रार पटकन घेतली जाते, याची मला मनापासून चीड आहे.

ग्रुप ॲडमिन मंडळींना एक दिलासा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका केसमध्ये नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, दोघांचं संगनमत दाखवावं लागतं. त्याला मेसेज जायच्या आधी बघता येत नाही, मग जबाबदार कसा धरणार.

शेवटचा मुद्दा, आणि मला आज सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. पोलीस ठाण्यात निदान कागद तरी मिळतो. एफआयआरची प्रत मिळते, कलम कळतं, वकील उभा राहतो, माणूस दिल्लीपर्यंत भांडतो. आता काम वेगळ्या मार्गाने होतं. तुमची पोस्ट किंवा आख्खं अकाउंट भारतात दिसेनासं होतं आणि कंपनीचा एक ईमेल येतो की कायदेशीर विनंतीवरून केलं. कोणी केली, का केली, कुठल्या वाक्यावर, काही नाही. आयटी कायद्याचं 69अ सरकारला ऑनलाइन मजकूर ब्लॉक करायचा अधिकार देतं, त्याखाली 2009 चे ब्लॉकिंगचे नियम आहेत आणि त्यातला नियम 16 म्हणतो की हे सगळं गोपनीय. श्रेया सिंघल निकालात 69अ टिकलं ते याच भरवशावर की त्यात कारणं लेखी नोंदवली जातात आणि पोस्ट करणारा सापडत असेल तर त्याचंही ऐकलं जाईल. पण नियम 8 मध्ये व्यक्तीला किंवा कंपनीला नोटीस द्या असं लिहिलंय आणि त्या किंवाचा आधार घेऊन नोटीस फक्त कंपनीला जाते, तुम्हाला जात नाही. वर त्याच कायद्याच्या 79(3)(ब) खाली, म्हणजे सरकारने कळवूनही बेकायदा मजकूर काढला नाही तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं त्या कलमाखाली, गृह खात्याचं सहयोग पोर्टल आलं, त्यावरून वेगवेगळ्या खात्यांचे आणि राज्यांचे अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर काढायला सांगतात. एक्स (जुनं ट्विटर) कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये हरली. त्यानंतर सरकारने नियमात एवढं केलं की असा आदेश सहसचिव किंवा पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने काढायचा नाही आणि कारण द्यायचं. चांगलं केलं, पण ते कारण कंपनीला मिळतं, ज्याने लिहिलं त्याला नाही.

मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राचं फॅक्ट चेक युनिट रद्द केलं तेव्हा खूप जणांनी पेढे वाटले. सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी हे सरकारनेच ठरवायचं, अशी ती व्यवस्था होती, ती गेली हे उत्तमच. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांच्यात आधी मतभेद झाला, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी निर्णय दिला, म्हणजे विषय किती अवघड होता ते कळतं. पण त्या व्यवस्थेत निदान सरकार उघडपणे म्हणणार होतं की हे खोटं आहे. गोपनीय आदेशात कोणीच काही म्हणत नाही.

ब्लॉकिंगच्या त्या नियम 8 आणि 16 वर सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर ही डिजिटल हक्कांसाठी काम करणारी संस्था सुप्रीम कोर्टात गेलीये आणि मार्च 2025 मध्ये कोर्टाने केंद्राला नोटीस काढली. मागणी मोठी नाहीये. ज्याने लिहिलं तो सापडत असेल तर त्याला कळवा, आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. तुमचं काही असं गायब झालं तर कंपनीला लेखी विचारा की कुठल्या कलमाखाली काढलं, ब्लॉकिंगच्या आदेशाची प्रत केंद्रीय आयटी मंत्रालयाकडे मागा, नकार आला तर तो नकार जपून ठेवा आणि तारखेसह माझ्यासारख्या कुठल्याही वकिलाकडे घेऊन या.