मोदक: गुबगुबीत अक्षरांचे वळण

श्रोतेहो, नमस्कार. आज मी एका अक्षरवळणाविषयी बोलणार आहे, आणि रेडिओवरून ते आपल्याला दाखवता येत नसल्यामुळे त्याचे वर्णन जरा निगुतीने करावे लागेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेच्या या फॉन्टचे नाव मोदक. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला.

डोळ्यांसमोर ‘ब’ आणावा. त्याच्या गोलात एक तिरकी रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोकळी असते. मोदकमध्ये अक्षराचे अंग इतके फुगते की या दोन पोकळ्यांच्या जागी केसाएवढ्या दोन पांढऱ्या चिरा तेवढ्या उरतात. शेजारची अक्षरेही परस्परांना खेटून बसतात, त्यामुळे वाचणारा काळ्या भागापेक्षा पांढऱ्या चिरांवरूनच अक्षर ओळखतो. रोमन लिपीत एवढे जाड वळण काढणे तुलनेने सोपे आहे. देवनागरीत मात्र वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, शिवाय एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे असतात, आणि त्या सर्वांना तितक्याच उंचीत गुबगुबीत ठेवायचे म्हणजे प्रत्येक चिरेची जागा हाताने शोधावी लागते. मला या फॉन्टचे खरे मोल तिथेच वाटते.

याचे वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच आहे; बारीक किंवा मध्यम रूप नाही. म्हणून तो मथळ्याचाच फॉन्ट. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतील खेळण्यांच्या दुकानाची पाटी, बालनाट्याचे पोस्टर, गणेश मंडळाचा फलक, शेंगाचटणीच्या पाकिटावरील नाव, असे दोन-तीन शब्द मोठ्या आकारात असले की तो खुलतो. त्याच पाकिटाच्या मागील बाजूचा घटक पदार्थांचा मजकूर त्यात छापला, तर शाई पसरून चिरा बुजतात आणि हाती काळे ठिपके येतात. श्रद्धांजलीच्या फलकावर तर तो कधीही वापरू नये.

आपल्या सोलापुरात कापडाचा प्रश्न निराळा आहे. लहान मुलांच्या टॉवेलवर ‘बाळ’ हा शब्द मोदकमध्ये विणून पाहावा, म्हणून मी एकदा नमुना करून घेतला. टॉवेलच्या फुगीर फंद्यांनी, म्हणजे धाग्यांच्या उभ्या फासांनी, ‘ब’ची एक चीर झाकली आणि शब्द ‘वाळ’ असा वाचला जाऊ लागला. चूक माझीच होती, कारण पडद्यावरचे अक्षर मी जसेच्या तसे ग्राफवर, म्हणजे विणकामाचा नमुना आखण्याच्या चौकोनी कागदावर, उतरवले होते. मोदक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने त्यात बदल करण्यास आडकाठी नाही. दुसऱ्या नमुन्यात आम्ही अक्षरांची उंची दुप्पट केली, प्रत्येक चिरेला ग्राफचे तीन चौकोन दिले आणि ‘ळ’ची दोन्ही वेटोळी थोडी सैल सोडली, तेव्हा टॉवेल धुतल्यानंतरही ‘बाळ’ स्वच्छ वाचता आले.