कुडाच्या भिंतीतला किडा

ही भिंत जवळून बघा. कुडाची, मातीने लिंपलेली. लिंपण वाळलं की अशा भेगा पडतात. दिवसा त्यांत दडून बसलेला हा बार्बेइरो, शागास रोग पसरवणारा रक्तपिपासू किडा, दिवा मालवला की बाहेर येतो आणि झोपलेल्यांच्या तोंडाला चावतो.

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातलं लासांस. १९०७ साली इथे रेल्वेचं काम चालू होतं आणि मजूर मलेरियाने आजारी पडत होते. त्यासाठी आलेले डॉक्टर कार्लोस शागास. रेल्वेचा डबा हेच त्यांचं घर, तीच प्रयोगशाळा. एका इंजिनिअरने हा किडा दाखवला. शागास यांनी त्याचं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर आत ही सूक्ष्म परजीवींची वळवळ! आधी किडा, मग परजीवी, आणि शेवटी रुग्ण: १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिसे या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच जीव सापडला.

चावा हे लागणीचं कारण नव्हे. रक्त पिताना किडा तिथेच विष्ठा टाकतो. माणूस झोपेत खाजवतो आणि परजीवी जखमेतून किंवा डोळ्यातून आत शिरतो.

सुरुवातीचे काही आठवडे तो रक्ताच्या थेंबात दिसतो. नंतर दिसत नाही. १९१४ साली फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ ब्रुम्प्ट यांनी शक्कल काढली: प्रयोगशाळेत वाढवलेले निरोगी, भुकेले किडे जाळीच्या डबीत घालून रुग्णाच्या हातावर ठेवायचे, रक्त पिऊ द्यायचं आणि काही आठवड्यांनी त्यांच्या आतड्यात परजीवी शोधायचा. किडाच तपासणीचं साधन! आज रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे परजीवीशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांवरून, निदान होतं. दोन वेगळ्या पद्धतींच्या चाचण्या जुळल्या, तरच ते पक्कं धरतात.

आता अशा एका रुग्णाचा हा ईसीजी. एका टोकाऐवजी दोन टोकं, आलेखही रुंदावलेला. उजव्या बाजूचा विद्युतमार्ग अडलाय. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत बघा, हृदयाचं टोक पातळ होऊन फुगलंय. लागण झालेल्यांपैकी सुमारे तिघांतल्या एकाचं हृदय असं बिघडतं, तेही कित्येक वर्षांनी. मग पेसमेकर, कधी अचानक मृत्यू.

म्हणून तपासणी आधी हवी, छातीत धडधड सुरू झाल्यावर नव्हे. जो कधी हा किडा असलेल्या अशा घरात राहिला, त्याचं रक्त तपासायला हवं. गरोदर बाईचं तर हवंच, कारण लागण आईकडून पोटातल्या बाळाला होऊ शकते. जन्मल्यावर लगेच निदान होऊन बेंझनिडाझोल हे परजीवी मारणारं औषध मिळालं, तर जवळजवळ सगळी बाळं पूर्ण बरी होतात.