पुण्य एकाचं, कौलं दुसऱ्याची

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे गल्लीची बैठक बसली की भांडणाचे विषय ठरलेले असतात. नळाचं पाणी, गणपतीची वर्गणी आणि अलीकडे माकडं. पहिल्या दोन्हींवर कसाबसा तोडगा निघतो. माकडांवर निघत नाही, कारण तिथं एका बाजूला साक्षात मारुती उभा असतो.

बेळगावातून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला एक वस्ती आहे, तिथली हकिकत सांगतो. निवृत्त शिक्षिका, मुलं पुण्याला, घरात एकट्याच. सगळे त्यांना बाई म्हणतात. रोज सकाळी गच्चीवर चपात्या आणि केळी, शनिवारी वर गूळ-फुटाणे. कळप येतो, खातो, आणि बाई तृप्त मनानं खाली उतरतात. कळप मात्र लगेच जात नाही. तो उतरतो शेजारच्या मंगलोरी कौलांवर. एक कौल सरकलं की पुढचं सैल होतं, आणि आपल्याकडचा आषाढ तुम्हाला माहीत आहे. शेजारणीच्या माजघरात तीन बादल्या मांडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. टाकीचं झाकण उघडून त्यात पिल्लं डुंबतात, डिशची वायर तुटते. वाळत घातलेल्या सांडग्यांचं तर काही विचारूच नका.

शेजारीण एकदा भर बैठकीत म्हणाली, "बाई, खाऊ घालतासा तुम्ही, खरं निस्तरायचं आम्ही!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "दारात आलेल्याला उपाशी कसं परतवू?"

त्यावर गल्लीचे दोन तट पडले, ते अजून तसेच आहेत.

बाईंच्या दयेबद्दल मला शंका नाही. पण ते माकड उपाशी आहे, हे मला मान्य नाही. आपल्याकडचं हे लालसर तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी बसवल्यासारखं दिसणारं माकड फक्त दक्षिण भारतात सापडतं, जगात दुसरीकडे कुठंही नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळं, कोवळी पालवी, किडे हे त्याचं खाणं. ते शोधण्यात त्याच्या दिवसाचा मोठा भाग जातो. गच्चीवर ते काम दहा मिनिटांत उरकतं. गालाच्या आत दोन्ही बाजूंना पिशव्या असतात. त्या गच्च भरून घ्यायच्या आणि निवांत बसून एकेक घास पुढं सरकवत खायचा. उरलेला दिवस मग आपल्या कौलांसाठी मोकळा. आयतं, पोटभर खाणं मिळालं की पिल्लंही जास्त जगतात, आणि ती पिल्लं जंगल शिकतच नाहीत. हातात पिशवी दिसली की ओढायची, एवढंच आईकडून शिकतात.

पोरांना एक गोष्ट जरूर सांगा. माकडानं ओठ मागं ओढून दात दाखवले तर ते हसत नाही, घाबरलेलं असतं. डोळे रोखून तोंड उघडलं तर ती धमकी असते. अशा वेळी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पळायचं नाही, हळूच मागं सरायचं. आमचे लोक नेमकं या वेळी मोबाईल काढतात.

दुसरा तट म्हणतो, पकडून न्या. कोण पकडणार? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि हे माकड पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंगतीला बसलं. परस्पर कुणाला पैसे देऊन जाळी लावली तर माकडवाल्याआधी आपणच आत जाऊ. आणि समजा वनखात्यानं नेलं, तरी सोडणार कुठं? "भीमगडच्या अभयारण्यात सोडा की," असं लोक सहज म्हणतात. भीमगडच्या कडेला, जांबोटी-कणकुंबीकडे माणसं राहतात. गवे आणि रानडुकरं त्यांना काय कमी आहेत, की शहरात चपातीला चटावलेला कळप त्यांच्या काजूत आणि रताळ्यांत पाठवायचा?

माकडाचीही एक तक्रार आहे, ती कुणी मांडत नाही. रस्त्याकडेचे जुने वड-पिंपळ ही त्याची घरं. म्हैसूर भागात प्राध्यापक मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माकडांची वर्षानुवर्षं मोजणी केली, तेव्हा रस्त्याकडेचे कळप घटल्याचं दिसलं, आणि तोडलेली झाडं हे त्याचं एक मोठं कारण निघालं. आपल्याकडे गोव्याला जाणारा रस्ता रुंद होताना किती झाडं पडली, ते जाता-येता आपण पाहिलंच आहे. गल्लीत माकडं वाढलेली दिसतात म्हणून ती सगळीकडे वाढली, असं नव्हे.

तर करायचं काय? खाऊ घालणं बंद, आणि तेही सगळ्या गल्लीनं एकाच वेळी. बाईंनी बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारानं बिस्किटं टाकली तर काही उपयोग नाही. देवळामागं टाकलेल्या नारळाच्या वाट्या, उघडा ओला कचरा, हेही खाऊ घालणंच आहे. पहिले काही दिवस कळप जास्तच दांडगाई करेल. मिळत होतं ते मिळेनासं झालं की तो दारं-खिडक्या चाचपतो. बहुतेक गल्ल्या इथंच कच खातात आणि कुणीतरी एक केळं फेकतं. ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या आला, तेव्हा शाळांना सुट्ट्या पडल्या आणि सगळं शहर एक झालं होतं. माकडासाठी तेवढी भीती नाही, म्हणून तेवढी एकीही नाही.

आता प्रकृतीचं. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्यखात्याला कळवा. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप पुढं गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात दोडामार्गलाही पोचला. तो गोचिडीमुळं होतो, चपात्या घालण्यानं नव्हे. बाईंवर तेवढा आरोप तरी करू नका. गल्लीत तो आरोपही झाला होता.

गेल्या बैठकीत बाई गच्चीवरचं खाणं थांबवायला तयार झाल्या. शनिवार तेवढा सोडा म्हणाल्या, त्यावर गल्ली नाही म्हणाली. मलाही ते बरोबर वाटतं, कारण माकडाला वार कळत नाही, सवय कळते. राहिला प्रश्न शेजारणीच्या कौलांचा. पैसे बाईंनी द्यावेत, असं माझं मत. बाईंनी अर्धे देऊ केलेत. शेजारीण म्हणते, अर्ध्या कौलांनी पाऊस थांबत नाही. पुढची बैठक रविवारी आहे.

नमस्कार.