घरची कॉफी कॅफेसारखी का लागत नाही?

नमस्कार मंडळी! आत्ता माझ्यासमोर जो वास दरवळतोय, तो तुमच्यापर्यंत पोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतंय. कारण आजची अर्धी गोष्ट त्या वासातच आहे.

बहुतेकांना वाटतं, कॅफेत मशीन असतं म्हणून कॉफी वेगळी लागते. मशीनचा वाटा आहेच. एस्प्रेसो मशीन साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट दाबानं गरम पाणी कॉफीतून ढकलतं. १८ ग्रॅम पावडरीतून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट अर्क उतरतो. घरच्या गॅसवर हे जमणार नाही. पण त्याच कॅफेत नुसतं वरून पाणी ओतून केलेली कॉफीही मिळते. तिथे दाब नसतोच, तरी ती छान लागते. मग?

खरी गोम दळणात आहे. हे बघा, जवळून दाखवते. या बिया मी मिक्सरमधून काढल्यात. काही पिठासारख्या झाल्यात, काही अजून भरडच आहेत. दाण्याचं कूट करताना नाही का, तळाशी तेल सुटून लगदा होतो आणि वर अर्धे दाणे तसेच राहतात? तसंच. पिठातून कडवटपणा उतरतो, भरडीतून पुरेसा अर्क येतच नाही, म्हणून ती आंबट आणि पाणचट लागते. दोन्ही चवी एकाच कपात! कॅफेतला ग्राइंडर सगळे कण जवळजवळ सारखे दळतो, तेही कॉफी करायच्या क्षणी. दळलेल्या कॉफीचा वास बघता बघता उडतो. आपली बरणी महिनाभर उघडत-मिटत असते.

आणि इन्स्टंट? ती कारखान्यात एकदा तयार करून सुकवलेली कॉफी. तिची कॅफेच्या कॉफीशी तुलनाच नको. फिल्टर कॉफीच्या पाकिटावरही चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळलेली एका भाजलेल्या मुळाची पूड, किती टक्के आहे ते वाचा.

दुधाचंही तसंच. कॅफेत ते वाफेनं ६०-६५ अंशांपर्यंतच तापवतात, म्हणून गोडसर लागतं. आपण साय धरेपर्यंत उकळतो. आजीची जायफळ घातलेली कॉफी मात्र तशीच हवी, तिला मी हात लावणार नाही!

घरी करायचं असेल तर पहिला खर्च मशीनवर नको, हातानं फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर करा. फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे वरून दाबायची गाळणी असलेल्या भांड्यासाठी, १५ ग्रॅम बिया मोजून जाडसर दळा. चमच्यानं अंदाज घेऊ नका, साधा वजनकाटा वापरा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग २५० मिली पाणी ओता. चार मिनिटांनी गाळणी हळूहळू खाली दाबा आणि सगळी कॉफी लगेच कपात काढा. भांड्यात राहिली, तर ती कडू होतच राहते.