काशीबाईंचे चार हजार

नमस्कार मंडळी. विषय दिलाय टर्मिनल इम्युलेटरमधले, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या खिडकीतले, माहीत असलेले बग आणि मर्यादा. त्यावर येतेच, पण आधी काशीबाईंची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढं सरकताच येत नाही. नाव बदललंय, काने-वेलांट्या मात्र होत्या तेवढ्याच ठेवल्यात.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक नाव आणि पुढं रक्कम. सर्व्हरवर लॉगिन करून टर्मिनलमधल्याच एडिटरमध्ये उघडली. एका ओळीत 'काशीबााई ४५००' असं होतं, काना दोनदा पडलेला. बाणाच्या कीने कर्सर नेला, तो त्या कान्यावर आलेला मी डोळ्यांनी बघितला आणि एक्स दाबलं, कर्सरखालचं चिन्ह पुसणारी की. पडदा विस्कटला. मराठीत असं होतंच, सवय झालेली असते, म्हणून कंट्रोल-एल मारून पडदा ताजा केला तर काना जागच्या जागी. मग शोधा-बदला करून तो काढला, सेव्ह केलं आणि घरी गेले. रकमेकडे बघितलंच नाही, बघायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बेरीज जुळेना, बरोब्बर ४००० कमी. काशीबाईंच्या नावापुढं ५०० उरले होते. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण सापडेपर्यंत अख्खी दुपार गेली आणि आपल्या हातून कुणाचे तरी पैसे उडाले या विचाराने मला जेवण गेलं नाही.

आता हे झालं कसं ते बोटांवर मोजू. टर्मिनल म्हणजे चौकटीचा कागद. १९७८ साली डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल आलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्डचं यंत्र, ८० रकाने, २४ ओळी, एका घरात एक अक्षर, आणि आजही आपण त्याचीच नक्कल वापरतो. कुठल्या चिन्हाला किती घरं हे सांगायला डब्ल्यूसीविड्थ नावाचं फंक्शन असतं. त्यात मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त यांना शून्य घरं, पण काना आणि वेलांटीला एक. म्हणजे टर्मिनलच्या हिशोबाने का दोन, शी दोन, बाा तीन, ई एक, एकूण आठ. माझा एडिटर मात्र काना-वेलांटीलाही शून्यच धरत होता, त्याची चार घरं. त्याच्या मते स्पेस पाचव्या घरात आणि रकमेतला ४ सहाव्यात, म्हणून मी ४ वर पोचले तेव्हा त्याने कर्सर सहाव्या घरात ठेवला. आणि टर्मिनलच्या सहाव्या घरात काय होतं? ब चा काना! कुठं एरर नाही, काही क्रॅश नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

म्हणून मला 'मर्यादा' हा शब्द खटकतो. इंग्रजी नावात कर्सर चार घरं चुकला असता तर त्याला कुणी मर्यादा म्हटलं असतं का?

हे इथे पडद्यावर बघा. बॅशमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, साध्या रीड कमांडने 'नाव: ' असं विचारलंय आणि मी 'स्त्री' टाइप करते. सहा चिन्हं, १८ बाइट, चार घरं. आता सहा बॅकस्पेस. लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दर चिन्हाला एक घर पुसतो, त्यामुळे चार घरांत शब्द संपला आणि उरलेल्या दोनांत माझ्या प्रॉम्प्टची स्पेस आणि विसर्गासारखा दिसणारा तो कोलन पण गेला. आपल्या मराठीची आणखी एक खास गोष्ट म्हणजे 'दर्‍या' आणि 'दर्या'. पहिल्यात न दिसणारा, शून्य रुंदीचा एक जोडक असतो, कॉपी-पेस्टमध्ये टर्मिनलने तो गाळला की डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्र होतो.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तर कबूल केलेलं भराभर सांगते. एक्सटर्म या जुन्या टर्मिनल इम्युलेटरच्या मॅन्युअलमध्ये बगचा स्वतंत्र विभाग आहे, काही सिस्टिमवर मोठा मजकूर पेस्ट होत नाही तो दोष एक्सटर्मचा नाही, त्या सिस्टिमच्या स्यूडो-टर्मिनल ड्रायव्हरचा असं तिथं लिहिलंय. लिनक्सवर साध्या मोडमध्ये, म्हणजे एंटर दाबेपर्यंत ओळ गोळा होते त्यात, ४०९६ बाइटच्या पुढची ओळ गुपचूप कापली जाते. ग्राफिक्सशिवायच्या लिनक्स कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ अक्षरांचे आकार बसतात, तिथं जोडाक्षरं विसराच. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांचं प्रमाण, त्याच्या २०१६ च्या आवृत्ती ९ मध्ये इमोजींची रुंदी बदलली, तेव्हा रुंदीची जुनी यादी आणि नवी यादी वापरणाऱ्यांत हाच काशीबाईंचा घोळ जगभर झाला. देवनागरी जोडाक्षर मधेच तोडू नका हा नियम युनिकोडमध्ये आला २०२३ ला, आवृत्ती १५.१. तोवर 'स्त्री'चे तीन तुकडे धरले जायचे. आता काही नवे टर्मिनल २०२७ नंबरचा मोड देतात, ते साल नाही, नंबर आहे. तो चालू केला की दोन्ही बाजू अख्खं अक्षर धरून मोजतात.

माझं म्हणणं एवढंच की प्रोग्रॅमने मनाने मोजू नये, टर्मिनलला विचारावं. ती सोय व्हीटी१०० पासून आहे. रकाना १ पासून 'स्त्री' छापा, मागोमाग एस्केप, उघडता चौकटी कंस, ६, एन पाठवा, कर्सर कुठल्या ओळीत आणि रकान्यात आहे ते उत्तर येतं. ५ वा रकाना आला तर चार घरं धरलीत. आज घरी करून बघा, आणि एडिटरचा हिशोब वेगळा निघाला तर बग नोंदवा, खाली 'काशीबााई ४५००' ही ओळ चिकटवून.