दुखणं हाताचं, मूळ मानेत

(दृश्य: पहाटेची ओसरी. भिंतीला टेकून बसलेल्या एक काकू, उजवा हात डोक्यावर.)

वर्धा जिल्ह्यातल्या या घरात डोक्यावर हात ठेवून बसायला मनाई आहे. सासूबाई लगेच टोकतात, "असं बसू नाई, अपशकुन असते." पण काकूंचा इलाज चालत नाही. हात खाली सोडला की खवाट्यातून, म्हणजे खांद्यामागच्या हाडापासून, निघालेली चमक कोपरावरून थेट मधल्या बोटात उतरते. डोक्यावर ठेवला की थोडा वेळ तरी बरं वाटतं.

"दिवसा कामात निभते," त्या म्हणतात, "पण रातच्याले हात तोडून फेकावा वाटते."

सासूबाई काहीही म्हणोत, तपासणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार कामाची खूण आहे. हात वर गेला की मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो. दुखतो हात, पण अडचण मानेत असण्याची शक्यता मोठी.

(दृश्य: मानेच्या मणक्यांचं रेखाचित्र)

मानेत 7 मणके, आणि तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या 8. मणक्यांमधली गादी बाजूला फुगली, किंवा वयानुसार हाड वाढून नसेची वाट अरुंद झाली, की नस चेपते, सुजते, चिडते. कोणती नस, हे बऱ्याचदा बोटं सांगतात. सहावी चिडली तर अंगठ्यात मुंग्या, सातवी असेल तर मधल्या बोटात, आठवी असेल तर करंगळीकडे. काकूंची बहुधा सातवी. हापशी दाबताना उजवा हात लटका पडतो, कारण कोपर सरळ करणारा स्नायू मुख्यतः याच नसेवर चालतो.

(दृश्य: पऱ्हाटीचं शेत, वेचणी करणाऱ्या बाया. बांधापलीकडे वजनकाटा.)

दिवाळीच्या सुमारास वेचणी ऐन भरात येते. तासन् तास मान खाली, दोन्ही हात बोंडांवर, कमरेला कापसानं फुगलेली ओटी. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन काट्यापर्यंत जायचं, मजुरी किलोवर. पुरुषांच्या खांद्याला 16 लिटरचा फवारणी पंप. या कामामुळेच नस दबली असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण खुर्चीत बसणाऱ्यांनाही हे दुखणं होतंच. पण दबलेल्या नसेला हे काम सोसत नाही, एवढं नक्की.

गावात मात्र निदान आधीच झालेलं असतं: नस चढली. मग कुणी चोळून देतं, कुणी केस कापता कापता मान कट्‌कन मोडून देतो. तो आवाज ऐकून लोकांना वाटतं, हाड जागेवर बसलं. बसत काहीच नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. आणि अशा झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. क्वचित होते, पण झाली तर लकवा मारू शकतो.

दुसरी धास्ती एमआरआयची. "मणक्यात गॅप आहे" हे तीन शब्द ऐकून माणसं खाटेवर पडतात. चाळिशीनंतर मान मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या चित्रातही फुगलेली गादी दिसते.

(दृश्य: उपचाराची खोली. काकू उताण्या, गुडघे दुमडलेले. फिजिओथेरपिस्ट डोक्याशी बसलेल्या.)

आधी तपासणी. मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर हलकासा दाब दिला, तशी चमक बोटापर्यंत गेली. तेच डोकं दोन्ही तळव्यांत धरून अलगद ओढलं, तर ओसरली. डोक्यावर गाठोडं घेणं म्हणजे यातली पहिली परीक्षा रोज देत राहणं.

आता नीट पाहा. मॅडमचे तळवे मानेखाली आहेत. मान कलत नाही, वळत नाही. दुखऱ्या बाजूकडून दुसरीकडे नुसती आडवी सरकते, इतकी थोडी की कॅमेऱ्यालाही जेमतेम कळते. परत जागेवर. पुन्हा. एका लयीत.

"काकू, मान ढिली सोडा. बोटातल्या मुंग्या वाढल्या का?"

"नाई. तेवढ्याच हायेत."

हा प्रश्न सारखा येत राहतो. मुंग्या वाढल्या तर हात थांबतात. मग काही सेकंदांची हलकी ओढ, मग पाठीच्या वरच्या मणक्यांवर दाब. शेवटी नसेला सरकवायचा व्यायाम: हात बाजूला पसरून कोपर सरळ होताना मान त्याच हाताकडे झुकवायची. नस एका टोकाला खेचली जाते, तेव्हा दुसऱ्या टोकाला सैल पडते.

यानं फुगलेली गादी आत ढकलली जात नाही. तसं कुणी सांगत असेल तर दुसरीकडे जावं. मान हलायला मोकळी होते, दुखण्याची धार कमी होते, आणि त्या सवलतीत व्यायाम करता येतो. व्यायामाशिवाय नुसत्या हातांच्या उपचाराचा गुण फार टिकत नाही. काकूंचा घरचा व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ: उताणं पडून, "हो" म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्यायची, थांबायचं, सोडायचं. बाहेर आलेली गादी अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेतं, बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण आठवडे जातात, कधी महिने.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायची नाही. चालताना पाय अडखळणं, गुंडी लावता न येणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, हाताची ताकद झपाट्यानं कमी होणं. असं काही झालं तर मानेला कुणाचाही हात न लावू देता सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर मेडिकल, यातलं जे मोठं रुग्णालय जवळ असेल ते गाठायचं. पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, ताप, उगाच घटणारं वजन, हेही आधी डॉक्टरांनाच दाखवायचं.

(दृश्य: काकू चपला घालताना.)

"मंग वेचणीले जाऊ का नाई?"

"जा. पण मधून मधून मान वर करा, हात सैल सोडा. आणि गाठोडं डोक्यावर घेऊ नका."

गाठोडं आता मुलगा सायकलला बांधून काट्यावर नेतो. तो शाळेतून येईपर्यंत कापूस बांधावरच पडून राहतो, आणि काटा करणारा रोज कुरकुरतो.