फोन दिवसातून किती वेळा चार्जिंगला लावावा?

(हातातला फोन कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार. हा फोन माझ्या आईचा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून तो १८-२० टक्के बॅटरी दिसत असतानाच अचानक बंद पडू लागला. आई मला म्हणाली, "अगं, मी इतका जपून वापरते. पूर्ण उतरल्याशिवाय कधी चार्जिंगला लावत नाही, आणि लावला की १०० टक्के झाल्याशिवाय काढत नाही." तिचे म्हणणे अगदी खरे आहे. तिच्या पिढीला फोन विकत घेताना दुकानदाराने हेच सांगितले होते. मात्र आजच्या बॅटरीला या दोन्ही सवयी मानवत नाहीत, आणि त्या का मानवत नाहीत हेच आज मला सविस्तर सांगायचे आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करू. एकदा चार्ज केल्यावर फोन किती तास चालतो, हा एक प्रश्न. आणि ती बॅटरी किती वर्षे टिकते, हा दुसरा. आपण बोलताना दोन्हींना "बॅटरी टिकत नाही" असेच म्हणतो, आणि मग एकाचा उपाय दुसऱ्यावर लावत बसतो.

आईला मिळालेला सल्ला कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वारंवार अर्धवट उतरवून पुन्हा भरल्या, तर त्या क्षमता घटल्यासारख्या वागत, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्या लागत. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० सोबतही निकेल प्रकारातलीच बॅटरी मिळत असे. मात्र २००३ मध्ये आलेल्या आणि आपल्याकडे घराघरांत, शेताशेतांत पोहोचलेल्या टॉर्चवाल्या नोकिया ११०० मध्ये लिथियम-आयन बॅटरी होती. म्हणजे तंत्र तेव्हाच बदलले होते. सल्ला मात्र तोच राहिला, आणि वीस वर्षांनंतरही तो घराघरांत ठाण मांडून बसला आहे.

त्या नोकिया ११०० चे बॅटरीवरचे आकडे आठवा: ८५० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती विद्युतभार मावतो त्याचे माप. आज साध्या फोनमध्येही ५,००० एमएएच असते. व्होल्टेज धरून हिशेब केला तर आजच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते आणि त्या जुन्या फोनमध्ये जेमतेम ३ वॉट-तास मावत होती. सहापट ऊर्जा असूनही आपला फोन रात्रीपर्यंत कसाबसा पोहोचतो आणि तो जुना फोन आठवडाभर चालायचा, याचे कारण बॅटरी बिघडली हे नाही. मोठा उजळ पडदा, वेगवान प्रोसेसर आणि सतत चालू असलेले इंटरनेट यांचा खर्चच अनेक पटींनी वाढला आहे. आणि तरीही हा खर्च विजेच्या बिलाच्या दृष्टीने नगण्य आहे. घरातला जुना ७५ वॉटचा पंखा पंधरा मिनिटे फिरला की जवळपास तेवढीच वीज लागते. त्यामुळे वीज वाचवण्यासाठी फोन कमी वेळा चार्ज करण्याची काहीही गरज नाही.

आता बॅटरीच्या आत जाऊ. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा थर असतो, आणि मधल्या द्रवातून लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, इकडून तिकडे जात-येत असतात. चार्ज करताना ते ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरताना तिथून परततात. या येण्याजाण्यात काही लिथियम दर वेळी ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच्या एका पातळ थरात अडकून पडते आणि पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी म्हातारी होते ती मुख्यतः अशी. ही झीज थांबवता येत नाही, पण ती लवकर होऊ द्यायची की सावकाश, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

बॅटरीचे आयुष्य "सायकल" या मापात मोजतात, आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. चार्जरची पिन एकदा लावली म्हणजे एक सायकल झाली, असे नाही. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल पूर्ण होते. तुम्ही दिवसातून पाच वेळा २०-२० टक्के भरले, तरी सायकल एकच. त्यामुळे "सारखा सारखा चार्जिंगला लावू नकोस, बॅटरी खराब होईल" हे वाक्य चुकीचे आहे. उलट, शून्यापर्यंत उतरवून काठोकाठ भरणे, यापेक्षा मधल्या पट्ट्यात थोडे थोडे भरत राहणे बॅटरीला अधिक सोसवते.

किती सायकली मिळतात? ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलची बॅटरी योग्य परिस्थितीत ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी घडवलेली आहे, तर आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे की तिथे नव्याने विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० सायकलींनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची असली पाहिजे. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकली म्हणजे साधारण एक वर्ष चार महिने आणि ८०० म्हणजे सव्वादोन वर्षांच्या थोडे आत. आपल्याकडे एक फोन चार-चार वर्षे वापरणारी, आणि नंतर तो घरातल्या दुसऱ्या कुणाला देणारी कुटुंबे असंख्य आहेत. त्यांच्यासाठी हा आकडा फोनच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो खोक्यावर ठळक छापला जावा असे मला मनापासून वाटते.

आता उष्णतेबद्दल. या व्हिडिओतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच ठेवा. गेल्या मे महिन्यात मी अकोल्यात होते. दुपारी दीडच्या सुमारास स्कूटरच्या हँडलवर फोन लावून, नकाशा पाहत पत्ता शोधत होते. सोबत पॉवर बँकही जोडलेली होती. दहा-बारा मिनिटांत पडद्याचा उजेड आपोआप मंदावला, मग चार्जिंग थांबले, आणि तापमान वाढल्याची सूचना आली. सावलीत थांबून फोन हातात घेतला तर तो धरवत नव्हता. उन्हाचा चटका, पूर्ण उजेडाचा पडदा, जीपीएस, मोबाईल डेटा आणि चार्जिंग, अशी पाच कारणे एकाच वेळी तिथे एकवटली होती. फोनने स्वतःला सावरले खरे, पण ते दर वेळी पुरेसे ठरत नाही. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवामानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि घरोघरी वस्तू पोहोचवणाऱ्या मुलांचे फोन दिवसभर याच अवस्थेत हँडलवर असतात. बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात. एरवी वर्षभरात होणारी झीज काही महिन्यांत होते. अशा कामात फोन शक्यतो छाया पडेल असा लावावा, चार्जिंग सावलीत थांबल्यावर करावे, आणि जाड कव्हर चार्जिंगपुरते काढून ठेवावे. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते. पंख्याखाली ठेवला तरी पुरते.

उष्णतेसोबत बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर दुहेरी नुकसान होते. भरलेल्या बॅटरीतले व्होल्टेज जास्त असते, आणि त्या ताणाखाली ती जितके तास राहील तितकी झीज अधिक. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन "जास्त भरून" फुटत नाही. आतले सर्किट प्रवाह थांबवते. प्रश्न आहे तो मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत फोन १०० टक्क्यांवर, आणि अनेकदा उशीखाली किंवा गादीवर, उबेत पडून राहण्याचा. उशीखालची सवय तर आजच सोडावी, कारण तिथे उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. रात्रीच चार्जिंग करणे ज्यांना सोयीचे आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर जाऊन पाहावे. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची, किंवा तुमची उठण्याची वेळ ओळखून उरलेले २० टक्के पहाटे भरण्याची सोय असते. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी १०० टक्के अवश्य भरा. ते भरण्यासाठीच असते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत रोज तासन्‌तास ठेवू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

(ड्रॉवरमधला जुना फोन दाखवून)

हा दुसरा फोन पाहा. कडेने पडदा उचलला गेला आहे आणि फटीतून आतली चौकट दिसते. मी हा फोन पूर्ण उतरलेल्या अवस्थेत दोन वर्षे कपाटात ठेवला, नंतर एके दिवशी काढून सरळ चार्जिंगला लावला, आणि आठवड्याभरात बॅटरी फुगली. चूक माझी होती. फोन दीर्घकाळ ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावा आणि काही महिन्यांनी पुन्हा निम्मा भरावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे एका चार्जिंगवर फोन किती तास चालतो याकडे. यात पडदा आणि नेटवर्क ही दोन मोठी खर्चाची खाती आहेत. नेटवर्कचा खर्च कोकण रेल्वेच्या प्रवासात स्पष्ट दिसतो. रत्नागिरीला जाताना उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, आणि त्याच्या आधीही एकामागून एक बोगदे येतच असतात. रेंज जाते, येते, पुन्हा जाते. टॉवर दूर असेल तेव्हा फोनला अधिक ताकदीने संदेश पाठवावा लागतो, आणि रेंज नसेल तेव्हा तो सतत शोध घेत राहतो. त्यामुळे खिशात पडून असलेल्या फोनचीही बॅटरी भराभर उतरते. अशा पट्ट्यात विमान मोड लावणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गावी ज्या घरात एकच दांडी रेंज असते तिथेही हेच घडत असते, आणि लोक बिचारे बॅटरीला दोष देतात.

पडद्याबाबत एक बारकावा आहे. ओएलईडी पडद्यावर काळा भाग म्हणजे तिथले दिवे बंद, त्यामुळे डार्क मोडचा उपयोग होतो. साध्या एलसीडी पडद्यामागे दिवा चालूच असतो, तिथे जवळजवळ काहीच वाचत नाही. ओएलईडीवरही बचत उजेडावर अवलंबून असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात उजेड ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी ३ ते ९ टक्केच बचत झाली, आणि उजेड पूर्ण असताना ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे घरात उजेड कमी करणे जास्त कामाचे, आणि उन्हात डार्क मोड. मागे उघडी असलेली ॲप्स सतत पुसून काढण्याने मात्र फारसे काही साधत नाही, कारण तीच ॲप्स पुन्हा उघडताना फोनला पहिल्यापासून काम करावे लागते.

वेगवान चार्जिंगबद्दलही भीती आहे. चार्जर आणि फोन आपसात किती प्रवाह घ्यायचा ते ठरवतात, सुरुवातीला वेग जास्त असतो आणि ८० टक्क्यांच्या पुढे तो मुद्दाम कमी केला जातो. फोन फार तापत नसेल तर रोज वेगवान चार्जर वापरायला हरकत नाही. चार्जिंग चालू असताना गेम खेळणे त्याहून वाईट. सध्या बाजारात ७,००० एमएएचच्या आसपासचे फोन आले आहेत ते सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. ग्राफाइटपेक्षा सिलिकॉन कितीतरी अधिक लिथियम धरून ठेवते, पण भरताना ते सुमारे तिप्पट फुगते, म्हणून कार्बनसोबत बेताने मिसळावे लागते.

आता आईच्या फोनकडे परत येते. १८ टक्के दिसत असताना तो बंद का पडायचा? बॅटरी थकली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि एकदम जास्त प्रवाह मागितला गेला, की व्होल्टेज कोसळते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. आत ऊर्जा शिल्लक असते, ती वेगाने देण्याची ताकद उरलेली नसते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने जुने आयफोन मुद्दाम संथ केल्याची कबुली दिली, तेव्हा कंपनीने पुढे केलेले कारण हेच होते; त्यानंतर जाहीर माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला गेला. लोकांचा राग रास्त होता, कारण नव्या फोनऐवजी नवी बॅटरी पुरली असती, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आईचा फोन तीन वर्षांचा आहे. रोज शून्य ते शंभर, म्हणजे हजारच्या आसपास सायकली. त्यात तिची चार्जिंगची जागा गॅसच्या ओट्याशेजारी, आणि फोनला जाड चामड्याचे पाकीट. मी तिला नवा फोन घेऊ दिला नाही. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेतली आणि जुनी तिथेच दिली, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. चार्जर ओट्यावरून काढून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळ, पण उन्हापासून दूर लावला, आणि सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घातली. आता ती दुपारी आडवी होताना फोन ३५-४० टक्क्यांवर असतानाच चार्जिंगला लावते. पहिले दोन दिवस तिला चुकल्यासारखे वाटत होते. परवा रात्री साडेनऊला माझ्या बहिणीशी पाऊण तास व्हिडिओ कॉल करून झाल्यावर तिने मला पडदा दाखवला, तर ४१ टक्के शिल्लक होते.